खुलासा : ब्रशने दहा मिनिटं घासून हात निर्जंतुक होत नाहीत

‘ऑपरेशनआधी ब्रशने दहा मिनिटं हात घासले की ते निर्जंतुक होतात, आणि हे सगळं व्हिडिओ पाहून शिकता येतं,’ असा संदेश फिरतोय. तो चुकीचा आहे. त्वचेवरचे जंतू कमी होतात, संपत नाहीत. म्हणून तर वर निर्जंतुक हातमोजे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अँटिसेप्टिक साबणाने २ ते ५ मिनिटं पुरतात. ब्रश तर नकोच. त्याने त्वचा सोलवटते आणि उलट जास्त जंतू सुटतात.

व्हिडिओतून क्रम नक्की कळतो, तेवढ्यासाठी तो जरूर पाहा. पण गाऊनच्या कफमधून बोटं बाहेर न काढता हातमोजा चढवणं, हे शेजारी उभं राहून कुणी चूक दाखवल्याशिवाय हातात बसत नाही. गाऊनची पाठ निर्जंतुक धरत नाहीत, हेही तिथेच अंगवळणी पडतं.