‘रामबाण उपाय’वाल्या त्या मेसेजला उत्तर

महिनाभरात तो मेसेज मला चार ग्रुपांवर आला: सोसायटीचा, शाळेच्या बॅचचा, सासुरवाडीचा आणि नागपुरात अंबाझरी तलावावर सकाळी फिरणाऱ्यांचा. वर लाल दिव्यांची रांग, खाली ‘जनहितार्थ’. मजकूर असा. कॉम्प्युटरवर आपोआप जाहिराती यायला लागल्या म्हणजे व्हायरस शिरला समजा. तो घाणेरड्या साइट पाहणाऱ्यांच्याच मशीनमध्ये शिरतो. दोन-तीन फुकट अँटीव्हायरस टाका. नेट इन्कॉग्निटोमध्ये (ब्राउझरच्या हिस्ट्री न ठेवणाऱ्या खिडकीत) वापरा. तरी थांबलं नाही तर फॉरमॅट मारा, शंभर टक्के गॅरंटी. आणि कायमची कटकट नको असेल तर मॅक घ्या, त्याला हे होतच नाही.

सहा दावे. त्यातला एक अर्धा खरा आहे, तो पुढे येईलच. माझं काम लहान ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळायचं. रविवारी नातेवाइकांचे आणि शेजाऱ्यांचे, चहावर. मेसेजच्या क्रमाने जात नाही, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यातल्या दुसऱ्या वाक्याने केलंय.

मे महिन्यात महाल भागातल्या एका काकूंनी बोलावलं. एके काळी टायपिंग शिकवायच्या, आजही की-बोर्डकडे न बघता चालवतात. दुपारची वेळ, कूलरच्या ताट्यांना वाळ्याचा वास, आणि मॉनिटरवर पंचा टाकलेला. मला वाटलं धुळीसाठी. पंचा काढून मशीन सुरू केलं, तर मिनिटभरात उजवीकडे खालच्या कोपऱ्यात एक चौकोन वर सरकला: ‘तुमच्या पीसीत 5 व्हायरस’. त्याच्यावर दुसरा, कुण्या बाईचा फोटो आणि ‘ती तुमच्या जवळच राहते’. काकूंनी तोंड फिरवलं.

“तीन आठवडे झाले, असंच येऊन राहिलं. मुलाला नाही सांगितलं रे. म्हणेल, आई काय पाहून राहिली?”

मेसेज त्यांनीही वाचला होता, हे सांगायला नको.

हिस्ट्री मी त्यांच्यासमोरच उघडली. नातवाच्या मुंजीची पत्रिका मराठीत टाइप करायची होती, म्हणून त्यांनी ‘मराठी टायपिंग फ्री डाउनलोड’ असं शोधलं होतं. गुगलचं इनपुट टूल्स विंडोजसाठी पूर्वी मिळायचं. गुगलने ते देणं बंद केलं, पण त्याच नावाने भलत्याच साइटी काहीबाही वाटत बसल्यात. तिथे डाउनलोडची हिरवी बटणं तीन, तिन्ही जाहिराती. खरा दुवा खाली बारीक राखाडी अक्षरात. पुढच्या पानावर एक रोबोटचं चित्र आणि सूचना: ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करायला अलाउ दाबा’. काकूंनी दाबलं. शाळामास्तरांच्या घरात वाढलेल्या बाई, सांगितलेलं ऐकतात.

एवढंच झालं होतं. त्या ‘अलाउ’चा अर्थ ‘मी माणूस आहे’ असा नव्हता. ‘ही साइट बंद असली तरी मला नोटिफिकेशन पाठवत राहा’ असा होता. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स. परवानगी दिलेल्यांच्या यादीत अर्थ न लागणारी सात नावं होती. प्रत्येकापुढच्या तीन ठिपक्यांवर जाऊन काढून टाकली. चहा यायच्या आत कोपरा रिकामा.

म्हणजे ‘घाणेरड्या साइट’चा मुद्दा इथेच संपतो. माझ्याकडे येणारी मशीनं बहुतेक अशा वाटेने बिघडलेली असतात: मराठी फाँट, पीडीएफचं वर्ड करायचं फुकट सॉफ्टवेअर, प्रिंटरचा ड्रायव्हर, व्हिडिओ उतरवायचं काहीतरी. आणि नावाजलेली ठिकाणंही धुतल्या तांदळाची नव्हती. सोर्सफोर्ज ही प्रोग्रामरांची आवडती साइट. तिने 2013 पासून काही सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलरमध्ये भलत्याच ऑफर घुसवल्या, 2015 मध्ये गिंप या चित्रं करायच्या प्रोग्रामवरून मोठा गदारोळ झाला, आणि 2016 मध्ये मालक बदलल्यावरच तो प्रकार थांबला. लेनोवोच्या काही लॅपटॉपमध्ये तर 2014-15 मध्ये सुपरफिश नावाचं ॲडवेअर, म्हणजे जाहिराती घुसवणारं सॉफ्टवेअर, कारखान्यातूनच भरून आलं होतं. ज्याने नवाकोरा लॅपटॉप खोक्यातून काढला, त्याने कोणती घाणेरडी साइट पाहिली होती?

(काकूंना मुळात काही उतरवायची गरजच नव्हती. 2019 च्या अपडेटपासून विंडोज 10 मध्ये मराठी फोनेटिक की-बोर्ड आहेच. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, तिथे मराठी भाषा जोडायची, की-बोर्ड निवडायचा. रोमन अक्षरांत ‘नमस्कार’ टाइप केलं की देवनागरीत उमटतं.)

आता पहिला दावा, जाहिरात म्हणजे व्हायरस. व्हायरस स्वतःच्या पायांनी पसरतो. ॲडवेअर बहुधा दारात उभं राहून विचारतं, फक्त असं विचारतं की आपण ‘हो’ म्हणावं. कधी ‘अलाउ’, कधी ‘नेक्स्ट-नेक्स्ट-फिनिश’, कधी ‘ॲड एक्स्टेंशन’ (एक्स्टेंशन म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेला छोटा प्रोग्राम). म्हणून ‘कुठून शिरला’ यापेक्षा ‘आपण कशाला हो म्हटलं’ हे शोधलं की काम लवकर होतं, आणि जाहिरात दिसते कुठे त्यावरून तेही बरंचसं कळतं. ब्राउझर बंद असतानाही कोपऱ्यात चौकोन येत असतील तर बहुतेक वेळा नोटिफिकेशनची परवानगी. सर्च केल्यावर गुगलऐवजी भलतंच पान उघडत असेल, किंवा एरवी स्वच्छ असणाऱ्या साइटवर ओळींच्या मधेच जाहिराती दिसत असतील, तर एक्स्टेंशन. ब्राउझर कुठलाही उघडा, एज असो वा फायरफॉक्स, तोच त्रास असेल, तर मशीनमध्ये एखादा प्रोग्राम बसलाय.

एक्स्टेंशनच्या बाबतीत ‘हे तर जुनंच आहे, कधीपासून वापरतो’ असं म्हणून सोडू नका. द ग्रेट सस्पेंडर हे क्रोमचं नामी एक्स्टेंशन होतं, न वापरलेले टॅब झोपवून ठेवायचं. 2020 मध्ये मूळ माणसाने ते दुसऱ्याच्या हाती दिलं, आणि फेब्रुवारी 2021 मध्ये गुगलने त्यात मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, आहे म्हणून ते बंद केलं. नाव तेच, चिन्ह तेच, मालक वेगळा. वाड्यात भाडेकरू बदलावा आणि दारावरची पाटी तीच राहावी, तसं.

दोन-तीन अँटीव्हायरस टाकायच्या सल्ल्यावर फार बोलायला नको. सतत पहारा देणारे दोन अँटीव्हायरस एकाच मशीनमध्ये एकमेकांच्या पायात पाय घालतात आणि मशीन बैलगाडी होतं. शिवाय बाहेरचा एक जरी बसवला की विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, डिफेंडर, आपण होऊन बाजूला होतो. आणि ‘फुकट अँटीव्हायरस’ शोधायला गेलेला माणूस तीच तीन हिरवी बटणं पुन्हा दाबून येतो, हे वेगळंच. घरच्या मशीनला डिफेंडर पुरतो. फक्त त्यातली एक कळ पाहून घ्या: विंडोज सिक्युरिटी उघडा, ॲप अँड ब्राउझर कंट्रोल, रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन, आणि त्यात ‘पोटेन्शियली अनवाँटेड ॲप ब्लॉकिंग’ सुरू आहे का. ॲडवेअर बहुतेकदा व्हायरस ठरत नाही, कारण तुम्ही ‘हो’ म्हटलेलं असतं; असल्या अर्धवट पाहुण्यांना अडवायचं काम ही कळ करते. वरून एकदा ॲडव्हक्लीनर (AdwCleaner) हा ॲडवेअर शोधून काढणारा प्रोग्राम चालवा. त्याला इन्स्टॉल करावं लागत नाही आणि तो पहाऱ्यालाही बसत नाही. 2016 पासून तो मालवेअरबाइट्स कंपनीकडे आहे, तेव्हा त्यांच्याच साइटवरून घ्या.

इन्कॉग्निटो हा तो अर्धा खरा दावा. इन्कॉग्निटोत गेल्यावर जाहिराती थांबल्याचा अनुभव लोकांना खरोखर येतो, म्हणून तर हे वाक्य पसरतं. पण थांबतात का, तर क्रोम इन्कॉग्निटोमध्ये एक्स्टेंशनं चालू देत नाही, तुम्ही मुद्दाम परवानगी दिली नसेल तर. चोर गेलेला नसतो, आपण दुसऱ्या खोलीत जाऊन बसलेलो असतो. इलाज म्हणून निरुपयोगी, पण तपासणी म्हणून फार कामाचं: तिथे जाहिराती थांबल्या तर दोष एक्स्टेंशनचा. सगळी बंद करा, मग एकेक सुरू करत जा, ज्याच्याबरोबर जाहिरात परत येईल त्याला हाकला.

कधीकधी मात्र एक्स्टेंशनच्या पुढचं ‘रिमूव्ह’ बटण गायबच असतं, आणि मेनूच्या तळाशी ‘तुमचा ब्राउझर तुमची संस्था व्यवस्थापित करते’ अशी ओळ दिसते. घरच्या कॉम्प्युटरला कुठली आली संस्था? एखाद्या प्रोग्रामने रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत) ऑफिसांसाठी असलेले नियम लिहून ठेवलेले असतात. (अँटीव्हायरसमुळेही ही ओळ दिसू शकते, तेव्हा लगेच घाबरू नका.) अशा वेळी आधी प्रोग्राम काढायचा, मग ब्राउझर. सेटिंग्जमधली ॲपची यादी इन्स्टॉल केल्याच्या तारखेनुसार लावा आणि त्रास सुरू झाला त्या आठवड्यात काय काय आलं ते पाहा. एकाच दिवशी चार नावं आलेली दिसली तर त्यातलं एक तुम्ही आणलेलं असतं, उरलेली तीन त्याच्या पाठीवर बसून आलेली. ती काढली, की क्रोमचं ‘रिसेट सेटिंग्ज’. बुकमार्क आणि पासवर्ड त्यात जात नाहीत. आणि डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये ‘टार्गेट’ बघा. ओळ ‘क्रोम डॉट ईएक्सई’वर संपायला हवी, तिच्या पुढे एखाद्या साइटचा पत्ता चिकटवलेला असेल तर तेवढाच खोडा.

राहिला फॉरमॅट, म्हणजे ड्राइव्ह पुसून विंडोज नव्याने टाकणं. आपल्याकडे कॉम्प्युटरला शिंक आली तरी कुणीतरी म्हणतोच, विंडोज मारून घे. काकूंनाही मला बोलवायच्या आधी एका दुकानात नेलं गेलं होतं, धंतोलीत. दुकानदाराने यादी न बघता, नोटिफिकेशन न बघता सांगितलं, “फॉरमॅट करावं लागेल काकू. काळजी नका करू, डी ड्राइव्ह सेफ राहते.” नशिबाने काकूंनी मशीन परत आणलं. कारण मुंजीची पत्रिका, पाहुण्यांची यादी, वीस वर्षांचे फोटो, त्यांचं सगळं डेस्कटॉपवर होतं. आणि डेस्कटॉप राहतो सी ड्राइव्हवर, म्हणजे जी पुसली जाणार होती तिच्यावरच.

गॅरंटीचंही तसंच. माझ्या एका मित्राने फॉरमॅट मारून घेतला, घरी येऊन क्रोममध्ये गुगलचं खातं उघडलं, आणि पाच मिनिटांत जुनं सर्चचं पान पुन्हा हजर. दुकानदाराची चूक नव्हती. क्रोमचं सिंक सुरू असेल तर तुमची एक्स्टेंशनं, सेटिंग्ज, सगळं गुगलच्या खात्यात जपून ठेवलेलं असतं. नव्या मशीनवर लॉगिन केलं की ते इमानदारीने परत येतं, चांगलं-वाईट न बघता. खात्यातून एक्स्टेंशन काढल्याशिवाय दहादा फॉरमॅट मारा, अकराव्यांदा ते येणारच.

त्याहून वाईट असतं ते फुकटातलं विंडोज. काही ठिकाणी विंडोज मारतात ते लायसनशिवाय, आणि ते चालू राहावं म्हणून ‘ॲक्टिव्हेटर’ बसवतात. तो अडवला जाऊ नये म्हणून आधी डिफेंडर बंद करतात, किंवा त्याचा फोल्डर डिफेंडरच्या ‘एक्सक्लूजन’ यादीत टाकतात, म्हणजे त्या फोल्डरकडे पहारेकऱ्याने बघायचंच नाही. जाहिराती घालवायला गेलेला माणूस दार काढूनच घरी येतो. तुमचं मशीन कधी दुकानात जाऊन आलं असेल तर ती यादी आज बघा. घरच्या मशीनमध्ये ती रिकामी असायला हवी. फॉरमॅटची वेळ येतच नाही असं नाही. पासवर्ड चोरणारं काही शिरलं असेल तर मीही तेच करतो, आधी फायलींची प्रत काढून. पण कोपऱ्यातल्या चौकोनासाठी फॉरमॅट म्हणजे नळ टपकतो म्हणून घर पाडणं.

मॅकचं एका दमात सांगतो. श्लेयर नावाचा प्रकार मॅकसाठीच बनवलेला आहे. फ्लॅश प्लेअरचं खोटं अपडेट म्हणून यायचा आणि जाहिराती आणून बसवायचा. ऑगस्ट 2020 मध्ये तर ॲपलच्या स्वतःच्या तपासणीतून तो पास होऊन बाहेर आला, मग ॲपलला परवानगी मागे घ्यावी लागली. नोटिफिकेशनचं ‘अलाउ’ तर मॅकवरच्या क्रोममध्येही तेच काम करतं. लाखभर रुपये घालवायचे तर मॅकच्या इतर गुणांसाठी घालवा.

मेसेजमध्ये जे असायला हवं होतं ते मात्र नाही. अख्खा पडदा व्यापून भोंगा वाजतो, ‘मशीन बंद करू नका, या नंबरवर फोन करा’ असं येतं. तो नुसता ब्राउझरचा एक टॅब असतो. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा, नंबर लावू नका. कुणी लावलाच आणि पैसे गेले तर ताबडतोब 1930, सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. आणि कुठलंही पान ‘विंडोजची कळ आणि आर दाबा, मग पेस्ट करा’ म्हणालं तर तिथून उठा. ते ॲडवेअर नसतं, ते थेट पासवर्ड न्यायला आलेलं असतं.

हे सगळं थोडक्यात लिहून मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. अकरा अंगठे आले, दोन नमस्कार आले, आणि बी विंगमधल्या एका भाऊंचा मेसेज आला: “एकदम बराबर. माह्या मशीनमध्येही तेच येऊन राहिलं. फॉरमॅटचे किती घेता?”