प्रथिने मोडणारी यंत्रणा बंद केली, तर भात करप्यापासून वाचेल का?

भातातील प्रथिने मोडणारी यंत्रणाच प्रतिकारशक्ती दाबून ठेवत असेल, तर तिची जनुके बंद करून करपा न येणारे वाण शास्त्रज्ञ का देत नाहीत, असा आपला आक्षेप आहे. त्यामागची शेतकऱ्याची निकड मला पूर्ण मान्य आहे, मात्र आपला निष्कर्ष मान्य करता येत नाही.

आपण ज्या ‘एसपीएल ११’ जनुकाचा आधार घेतला, तेच आधी पाहू. या जनुकापासून तयार होणारे विकर (एन्झाइम) निवडक प्रथिनांना युबिक्विटिन या ७६ अमिनो आम्लांच्या छोट्या प्रथिनाची खूण जोडते. अशी खूण लागलेले प्रथिन बहुधा प्रोटिएसोम या पेशीतील प्रथिने मोडणाऱ्या रचनेत जाऊन मोडले जाते. हे जनुक निकामी झालेली रोपे बुरशीमुळे होणारा करपा आणि जिवाणूमुळे होणारा कडा करपा या दोन्ही रोगांचा अधिक प्रतिकार करतात, हे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले, यात शंका नाही. परंतु त्याच रोपांच्या पानांवर, कोणत्याही रोगजंतूचा संसर्ग नसतानाही, मेलेल्या पेशींचे डाग आपोआप उमटतात. असे वाण शेतकऱ्याच्या हाती कसे द्यावे?

दुसरा पुरावा खुद्द करप्याच्या बुरशीने दिलेला आहे आणि मला तो सर्वांत बोलका वाटतो. ही बुरशी ‘एव्हीआर पिझ-टी’ नावाचे प्रथिन भाताच्या पेशीत सोडते आणि ते ‘एपीआयपी ६’ या युबिक्विटिन जोडणाऱ्याच विकराचे काम दडपते. २०१२ मधील प्रयोगांत ‘एपीआयपी ६’चे प्रमाण घटवल्यावर रोपांचा प्रतिकार कमी झाला. प्रथिने मोडणे नेहमीच रोगाच्या पथ्यावर पडत असते, तर बुरशीला या विकराच्या वाटेला जाण्याचे कारणच उरले नसते.

हैदराबादच्या संस्थांनी विकसित केलेल्या ‘इम्प्रूव्ह्ड सांबा महसुरी’ या वाणात कडा करप्याविरुद्ध ‘एक्सए २१’ हे जनुक इतर दोन जनुकांसोबत घातलेले आहे. या जनुकाचे प्रथिन पेशीत पुरेशा प्रमाणात साठण्यासाठी ‘एक्सबी ३’ लागते, आणि तेही युबिक्विटिन जोडणारे विकरच आहे. शिवाय भाताच्या वाढीचा प्रश्न आहेच: जिबरेलिन या वाढीच्या संप्रेरकाच्या प्रभावाने ‘एसएलआर १’ हे वाढ रोखणारे प्रथिन याच यंत्रणेकडून मोडले जाते, तेव्हाच रोप नीट वाढते आणि ते मोडले गेले नाही, तर खुजे राहते. त्यामुळे यंत्रणा सरसकट बंद करण्याचा मार्ग उपलब्ध नाही. कोणते विकर कोणत्या प्रथिनाला खूण लावते, हे एकेक करून शोधावे लागते आणि विलंब होतो तो याच कामात.