‘दुकानात डाळिंबी, कार्यालयात वांगी’ : आमच्या साडी दुकानावरच्या दोन स्टारला उत्तर

नमस्कार ताई,

आमच्याकडून नेलेली साडी लग्नात नेसल्यावर तुम्ही लिहिलंय, ‘दुकानात डाळिंबी, कार्यालयात वांगी. फोटोत मी आजारी दिसतेय. सावळी म्हणून फिकट साडी उघडूनसुद्धा दाखवली नाही. जुना माल गळ्यात मारला आणि फॉल-पिको झाला म्हणून बदलूनही दिली नाही.’ पहिलं वाक्य इतकं नेमकं बसलंय की आमची कामावरची पोरंही आता तेच म्हणतात. उत्तराला चार दिवस लागले, कारण त्याच लॉटमधली दुसरी साडी माझ्याकडे शिल्लक होती आणि ती नीट बघितल्याशिवाय मला लिहायचं नव्हतं.

सकाळी अकराला ती घेऊन पायरीवर उभा राहिलो. महाद्वार रोडच्या आतल्या गल्लीत ऊन फार वेळ टिकत नाही, खरं त्या वेळेला उजेड बरा असतो. पदर सोडला आणि मलाच कसंतरी झालं. आत आरशासमोर डाळिंबाच्या दाण्यासारखी दिसणारी साडी बाहेर जांभळट. तिरकी धरली की लाल, सरळ धरली की वांगी.

ही साडी धूपछाव आहे. उभा धागा लाल, आडवा जांभळा. एरवी आम्ही गिऱ्हाइकाला हे आधी सांगतो, तुम्हाला सांगितलं नाही. दुसरी चूक निव्वळ माझी. दुकान नवं करताना आरशावर पिवळे दिवे लावून घेतले. इंटिरियरवाला म्हणाला, चेहरा खुलतो. खुलतो, त्यात खोटं नाही. खरं पिवळ्या उजेडात निळा भाग कमी असतो, त्यामुळं साडीतला जांभळा दबतो आणि लालच तेवढा वर येतो. कार्यालयातल्या पांढऱ्या फोकसखाली तो दबलेला जांभळा बाहेर आला. म्हणजे तुम्ही पसंत केलीत एक साडी आणि लग्नात नेसलात भलतीच. माल जुना नव्हता, त्याच महिन्यात आलेला होता. एवढं एक वाक्य सोडलं तर रंगाबद्दल तुमचं सगळं बरोबर आहे.

आता फिकट साडीचं. ‘तुमच्या रंगाला हे उठायचं नाही’ असं आमचा माणूस बोलला, हे त्यानं माझ्यासमोर कबूल केलं. बोलण्याची रीत म्हणून ते वाईट आहेच, त्याबद्दल मी माफी मागतो. पण धंद्याच्या हिशेबानंही ते चूक आहे. हळदी, राणी, मोरपंखी, अगदी पांढरीशुभ्र साडी सावळ्या रंगावर जशी उठते तशी गोऱ्या अंगावर दर वेळी उठत नाही. चेहरा मारतो तो आपल्या कातडीच्या जवळपासचा, त्यात थोडा धुरकट रंग. बदामी, खाकी, मळकट पिस्ता. कापड कुठं संपलं आणि माणूस कुठं सुरू झाला तेच कळत नाही. तुम्ही मागत होता तो पोपटी फिकट असला तरी चांगला तजेलदार होता. तो अंगावर टाकून बघायला काय हरकत होती, ते मलाही कळत नाही.

शिवाय ‘सावळी’ आणि ‘गव्हाळ’ एवढ्यावर काही ठरत नाही. सख्ख्या बहिणी, दोघी गव्हाळ, पण एकीच्या कातडीत पिवळसर झाक आणि दुसरीच्या तांबूस. एकीला मोतिया शोभतो, दुसरीला पांढराशुभ्र. हे दोन रंगांचे ब्लाऊज पीस आता गादीजवळच ठेवलेत. आळीपाळीनं हनुवटीखाली धरायचे आणि कापडाकडे न बघता डोळ्यांखाली, नाकाच्या कडेला बघायचं. एकानं तिथली सावली गडद होते, दुसऱ्यानं पुसट. ही झाक ओळखायला मनगटाच्या शिरा निळ्या की हिरव्या ते बघा असं मोबाईलवर सांगतात, पण सावळ्या हातावर त्या नीट दिसतच नाहीत. आणि हल्ली मुली येऊन सांगतात, ‘काका, मी ऑटम आहे.’ कातडी, केस, डोळ्यांच्या रंगावरून माणसाला चारपैकी एका ऋतूत बसवायचं आणि त्या ऋतूचे रंग त्याला शोभतात म्हणायचं, हे खूळ १९८०च्या दशकात अमेरिकेत गाजलं होतं. आमच्याकडे ऋतू उन्हाळा, पावसाळा, हिवाळा. ऑटम कुठल्या कपाटात ठेवायचा?

‘आजारी दिसतेय’ हे मात्र मनाला लागलं. माझी मुलगी इचलकरंजीला टेक्स्टाइल शिकते, तिला तुमचा रिव्ह्यू वाचून दाखवला. तिनं एक जुनी गोष्ट सांगितली. पॅरिसला गोबेलिन्स नावाचा भित्तिपट विणायचा कारखाना. १८२४ साली तिथं रंगाईवर शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ आले. तक्रार अशी, की काळा रंग फिका पडतो. त्यांनी तपासलं तर रंगाईत दोष नव्हता, शेजारी निळे-जांभळे धागे आल्यामुळं काळा कमजोर दिसत होता. शेजारच्या रंगानं रंग बदलतो, यावर त्यांनी १८३९ मध्ये जाडजूड पुस्तक काढलं.

तुमच्या बाबतीत शेजार गळ्याशी होता. साडीतलाच जांभळट ब्लाऊज आम्ही काढून दिला, आणि जांभळ्याशेजारी कातडीतला पिवळेपणा जास्तच दिसतो. साडी बिचारी बरीचशी कमरेखाली होती, चेहऱ्याला भिडला तो ब्लाऊज. हे सांगून हात झटकत नाही, तो ब्लाऊज पीसही आमच्याच हातानं कापलेला.

बदलून देण्याचं : फॉल-पिको होऊन नेसलेली साडी कुठलाच दुकानदार परत घेत नाही, मीही घेणार नाही. ती मला दुसरीला नवी म्हणून विकता येत नाही. पण जरीच्या रंगाचा, जुन्या सोन्यासारखा ब्लाऊज पीस आमच्याकडून, शिलाईही आमच्याकडून. तो गळ्याशी आला की चेहरा फोटोतल्यासारखा पिवळा दिसणार नाही असं मला वाटतं. नाही पटलं तर पोपटी साडी खरेदीच्या भावात घेऊन जा. आरशावरचे पिवळे दिवे सोमवारी काढले. आता कुठलीही साडी पायरीवर नेऊन दाखवल्याशिवाय बिल करायचं नाही, असं पोरांना सांगितलंय. एक-दोन गिऱ्हाइकं वैतागली, चालायचंच.

येताना साडी आणि तो ब्लाऊज दोन्ही आणा. शक्यतो चारच्या आत या, त्यानंतर समोरच्या इमारतीची सावली पायरीवर येते.