शुभहस्ते कुणाच्या?

आपल्या प्रभागात विरंगुळा केंद्र, उद्यान किंवा गेला बाजार एखादा बसथांबा बांधून तयार झाला असेल, तर तो लगेच वापरात आणण्याची घाई कृपया करू नये. नागरिक आधीच आत जाऊन बसले, तर लोकार्पणाच्या दिवशी अर्पण काय करणार? भोवतालचे पत्रे तसेच राहू द्यावेत आणि मान्यवरांच्या तारखेची वाट पाहावी. या बाबतीत आपल्या शहराची परंपरा मोठी आहे. लोहगाव विमानतळाच्या नव्या टर्मिनलचे उद्घाटन 10 मार्च 2024 रोजी झाले आणि प्रवाशांचा त्यात प्रवेश झाला तो 14 जुलैला. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट या भुयारी मेट्रोचा सोहळा त्याच वर्षी 26 सप्टेंबरला पावसामुळे रद्द झाला, तेव्हा 29 तारखेला दूरदृश्य प्रणालीवरून उद्घाटन होईपर्यंत पुणेकरांनी जमिनीवरच्या वाहतूक कोंडीचा मनसोक्त लाभ घेतला.

खरी अडचण असते ती शुभहस्तांची. निधी आपण आणला असे खासदार म्हणतात, पाठपुरावा आपला होता असे आमदार म्हणतात आणि फ्लेक्सवर ‘संकल्पना’ या शब्दापुढे माजी नगरसेवकाचे नाव आधीच छापून आलेले असते. यांपैकी एकाच्या हाती कात्री दिली, तर उरलेले दोघे आदल्या रात्री कार्यकर्ते घेऊन येतात आणि परस्पर नारळ फोडून मोकळे होतात.

यावर रामबाण उपाय म्हणजे माजी राष्ट्रपती. त्यांना निधी द्यायचा नसतो, तिकीट मागायचे नसते आणि श्रेय तर मुळीच नको असते. शिवाय केंद्राच्या मानक्रमात ते पाचव्या स्थानी, तर मुख्यमंत्री आपल्या राज्यातही सातव्या स्थानी असल्याने मधल्या खुर्चीचा वाद आपोआप मिटतो. (हा मानक्रम शासकीय समारंभांपुरता आहे, ही बाब मंडपात कुणाच्या लक्षात येत नाही.) देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील 2012 मध्ये निवृत्त झाल्यावर पुण्यातच राहायला आल्या, हे आपले भाग्य; वयाची नव्वदी ओलांडलेल्या व्यक्तीला बसथांब्यासाठी बोलवावे का, असल्या शंका ज्यांना आयोजक व्हायचे नाही त्यांनी काढाव्यात.

होकार मिळाला की पाहुण्यांना दहाची वेळ द्यावी आणि मंत्र्यांना बाराची. दोन्हींमधला वेळ सनईच्या ध्वनिफितीने भरून काढावा. फ्लेक्सवर माजी राष्ट्रपतींचे छायाचित्र जरूर असावे, मात्र ते आपल्या छायाचित्राहून मोठे होणार नाही याकडे जातीने लक्ष द्यावे. फीत कापताना तबकातील एकाच कात्रीवर आठ-दहा हात पडतात आणि त्या गर्दीत ज्यांचे शुभहस्त असतात त्यांची बोटे तेवढी दिसत नाहीत. एके काळी तिन्ही सेनादलांचे सर्वोच्च सेनापतिपद भूषवलेल्या व्यक्तीला त्या क्षणी कुणाचा तरी कोपर लागतोच. त्याला इलाज नाही. कोनशिलेवर त्यांचे नाव सर्वांत वर घ्यावे, त्याखाली ‘प्रमुख उपस्थिती’, ‘विशेष उपस्थिती’ आणि ‘सन्माननीय उपस्थिती’ अशा उतरंडीने सगळ्यांना सामावून घ्यावे आणि शिळा बसथांब्याहून रुंद झाली, तर बसथांबा थोडा सरकवावा.

पाहुणे भाषणात देखभालीविषयी काही विचारतील, ही भीती बाळगू नये. राज्यघटनेच्या 74व्या अनुच्छेदानुसार मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागण्यात ज्यांची पाच वर्षे गेली, त्यांना सूत्रसंचालकाच्या सल्ल्याने वागणे जड जात नाही. त्यांचे भाषण शेवटी ठेवावे. तोवर श्रोते अल्पोपाहाराकडे वळलेले असतात.

शाल, श्रीफळ आणि पुणेरी पगडी देऊन पाहुण्यांना निरोप दिला की वास्तूला पुन्हा कुलूप लावावे, कारण वीजजोड अजून आलेला नसतो. तो आला की त्याचेही लोकार्पण करता येते. त्यासाठी मात्र माजी राष्ट्रपतींना तसदी देऊ नये, स्थायी समितीचे माजी अध्यक्ष पुरतात.