सेलर मून आणि आपली संस्कारचर्चा

शिनचॅनचे प्रसारण २००८ साली केंद्र सरकारने थांबवले, तेव्हापासून आपल्याकडे जपानी कार्टूनचा विषय निघाला की गाडी 'मुलांवर संस्कार काय होणार' या प्रश्नावरच येऊन थांबते. जादूची शक्ती मिळालेल्या शाळकरी मुलींच्या, 'सेलर मून'सारख्या मालिका आपल्या मुलींना मुद्दाम दाखवाव्यात, म्हणजे त्या धीट होतील, असे म्हणणारा दुसरा पक्षही आता आहे. तोक्योच्या निशी-कासाई भागात, जिथे भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे, राहून या वादाकडे पाहताना दोन्ही पक्ष मला अपुरे वाटतात, कारण दोघांनाही गोष्ट हवी असते ती औषध म्हणून.

हे औषध लागू पडणारे असते, तर गुण आधी जपानला आला असता. 'साली' ही छोटी चेटकीण १९६६ च्या डिसेंबरात इथल्या टीव्हीवर आली आणि या प्रकारच्या मालिकांची परंपरा सुरू झाली. तरीही लग्नानंतर पती-पत्नीचे आडनाव एकच असले पाहिजे, असा कायदा इथे आजही आहे आणि बहुतेक वेळा आडनाव बदलते ते बायकोचेच. देशाला पहिली महिला पंतप्रधान मिळायला २०२५ चा ऑक्टोबर उजाडला. महाराष्ट्राने २०११ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांतल्या निम्म्या जागा महिलांसाठी राखल्या, त्या काही कोणाची जादूची कांडी पाहून नव्हे.

मग या मालिकांत आहे काय? नाओको ताकेउची यांची 'सेलर मून' ही चित्रकथा १९९१ च्या अखेरीस 'नाकायोशी' या मुलींच्या मासिकात सुरू झाली आणि पुढच्याच मार्चमध्ये तोएई कंपनीने तिची ॲनिमेटेड मालिका आणली. चित्रकथेचे प्रकरण महिन्याला एक आणि भाग मात्र दर आठवड्याला, त्यामुळे १९९७ पर्यंतच्या २०० भागांत पटकथाकारांना पदरचे पुष्कळ घालावे लागले. नायिका उसागीची सोबतीण असलेली रेई चित्रकथेत शांत, मानी आणि पुरुषांविषयी उदासीन आहे. पडद्यावरची रेई उसागीशी सतत भांडते, आणि ती मला उथळच वाटते. उलट उसागीची रडारड, परीक्षेतले गुण आणि खादाडपणा यांना टीव्हीवर जो ऐसपैस वेळ मिळाला, तो कागदावर नव्हता. शाळकरी उसागीची लढवय्यी सेलर मून होते, त्या रूपांतराच्या दृश्यात तिच्या बोटांची नखे रंगतात, फिती अंगाभोवती गुंडाळतात. खर्च वाचावा म्हणून तेच चित्रण आठवड्यामागून आठवडे वापरले जाई, आणि मुली नेमक्या त्याचीच वाट पाहत असत. नटणे आणि लढणे एकाच मुलीला शोभते, हे तिथे कोणी समजावून सांगत बसत नाही.

संस्काररक्षकांच्या कात्रीचे काय होते, तेही याच मालिकेत दिसले. हारुका आणि मिचिरू या परस्परांवर प्रेम करणाऱ्या दोघींना अमेरिकेतल्या इंग्रजी आवृत्तीने चुलत-मावस नात्यातल्या बहिणी करून टाकले, पण त्यांचे एकमेकींकडे पाहणे काही बदलता आले नाही. (मामेबहिणीशी लग्न लावणाऱ्या आपल्या मुलखात ही युक्ती कोणाला सुचली नसती.)

त्याच १९९१ साली आपल्याकडे 'चिंटू' सुरू झाला. गोट्या, फास्टर फेणे, चिंटू हे सगळे माझे लाडके, आणि सगळे मुलगे. ताम्हनकरांनी 'चिंगी'ही लिहिली, पण तिच्या पुढची नायिका आठवायला डोके खाजवावे लागते. जपानमध्ये खेळणी विकणाऱ्या कंपन्यांचा या मालिकांमागचा स्वार्थ उघड आहे, त्याचे गोडवे मी गाणार नाही. मात्र 'सेलर मून' सुरू झाली तेव्हा ताकेउची चोवीस वर्षांच्या होत्या, आणि 'कार्डकॅप्टर साकुरा' रचणारा 'क्लॅम्प' हा गट चार स्त्रियांचा आहे. दहा वर्षांच्या मुली आपला खाऊचा पैसा घेऊन दुकानात येतील, हे गृहीत धरून संपादकांनी या तरुण चित्रकर्तींना दरमहा पाने दिली आणि त्यांचे मोलही दिले. आपल्याकडचा कोणता प्रकाशक चोवीस वर्षांच्या मराठी चित्रकर्तीला अशी क्रमशः चित्रकथा वर्षभर मानधन देऊन काढू देईल, हे मला त्या दोन्ही पक्षांकडून ऐकायचे आहे.