२६ ऑगस्ट, ८७ वं मिनिट

इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा २०२३-२४ चा सीझन संपून चार दिवस झाले. रविवारी काहीच लिहायचं नाही असं ठरवलं होतं. लिहिलं असतं तर नुसता राग उतरला असता, आणि सोमवारी नुसतं रडगाणं. आज जरा डोकं शांत आहे, म्हणून लिहायला बसलोय. पोस्ट लांबणार आहे. फुटबॉल बघत नसाल तर पुढे गेलात तरी राग नाही.

मी आर्सेनलचा फॅन. आम्ही दुसरे आलो. सलग दुसऱ्या वर्षी दुसरे.

आकडे आधी सांगून टाकतो, कारण ते सांगितल्याशिवाय हे दुखणं नीट कळणार नाही. ३८ मॅच, २८ जिंकल्या, ५ बरोबरीत, ५ हरलो. ९१ गोल केले, २९ खाल्ले. ८९ पॉइंट. ज्या टीमच्या गोष्टी सांगून आम्ही वीस वर्षं काढली, त्या २००३-०४ च्या अजिंक्य टीमचे पॉइंट होते ९०. म्हणजे फक्त एक कमी. आणि जिंकलेल्या मॅच मोजल्या तर प्रीमियर लीगमध्ये आर्सेनलने एका सीझनमध्ये २८ मॅच याआधी कधीच जिंकल्या नव्हत्या. त्या अजिंक्य टीमनेही २६ जिंकल्या होत्या, बाकीच्या १२ बरोबरीत सोडवल्या होत्या. एवढं करून आमच्या हाताला काही लागलं नाही, कारण मँचेस्टर सिटीने ९१ केले.

शेवटच्या रविवारी दहाही मॅच एकाच वेळी सुरू होतात. मला लीगमधली ही सगळ्यात छान गोष्ट वाटते आणि सगळ्यात क्रूरही. एक डोळा आपल्या मॅचवर, एक दुसऱ्या मॅचच्या स्कोअरवर. आम्हाला एव्हर्टनला हरवायचं होतं आणि तिकडे वेस्ट हॅमने सिटीला अडवायला हवं होतं. सिटीच्या फोडेनने दुसऱ्याच मिनिटाला गोल केला. अठराव्या मिनिटाला अजून एक. इकडे एव्हर्टनची फ्री किक आमच्याच खेळाडूला लागून आत गेली. संपलं, म्हटलं. आणि मग हाफ टाइमच्या जरा आधी, दोन-तीन मिनिटांच्या आत, तिकडे कुडुसने ओव्हरहेड किक मारून वेस्ट हॅमचा गोल केला आणि इकडे तोमियासूने बरोबरी साधली. ती पंधरा मिनिटांची मधली सुट्टी मी जन्मभर विसरणार नाही. मी उभाच होतो. बसलो तर काहीतरी बिघडेल असं वाटत होतं.

दुसऱ्या हाफमध्ये रॉड्रीने सिटीचा तिसरा गोल केला आणि तिकडचा दरवाजा बंद झाला. हावर्ट्झने ८९ व्या मिनिटाला आम्हाला जिंकून दिलं. मॅच जिंकलो, लीग गेली. गोल झाल्यावर हात वर गेले आणि अर्ध्यातच थांबले. त्या क्षणाला काय म्हणावं ते मला अजून सापडलेलं नाही.

आता त्याआधीच्या मंगळवारबद्दल. टॉटनहॅम विरुद्ध सिटी, ८६ वं मिनिट, सिटी १-० ने पुढे. टॉटनहॅमचा सॉन ह्युंग-मिन एकटा पुढे सुटला, समोर फक्त सिटीचा बदली गोलकीपर ओर्टेगा. ओर्टेगाने पाय लांब करून तो अडवला. गेले आठ दिवस आमचा प्रत्येक ग्रुप त्या एका क्षणावर अडकलाय. सॉनने गोल केला असता तर. आम्ही चॅम्पियन होऊ नये म्हणून टॉटनहॅमचे स्वतःचेच फॅन आपली टीम हरावी असं गात होते, त्याबद्दलही भरपूर बोलून झालं. मला यात पडायचं नाही. आमचं टायटल सॉनच्या पायात होतं असं मी मानतच नाही. आपलं काम आपल्या सगळ्यात जुन्या वैऱ्याने करून द्यावं, अशी वेळ आपल्यावर आलीच का, हा माझा प्रश्न आहे.

त्याचं उत्तर शोधायला सोमवारी टेबल उघडून बसलो. आणि एका रकान्यावर नजर खिळली. गोल डिफरन्स, म्हणजे केलेल्या गोलांतून खाल्लेले वजा. पॉइंट सारखे झाले की तोच बघतात. सिटीचा गोल डिफरन्स अधिक ६२. आमचा गोल डिफरन्स अधिक ६२. सारखाच.

म्हणजे फरक फक्त दोन पॉइंटचा. विजयाला तीन, बरोबरीला एक. म्हणजे दोन पॉइंट म्हणजे एक बरोबरी, जी जिंकायला हवी होती. मी आमच्या पाचही बरोबऱ्या काढल्या. सिटीशी ०-०, लिव्हरपूलशी १-१, चेल्सी आणि टॉटनहॅमशी २-२. या चार मोठ्या टीम आहेत, यांच्याशी बरोबरीचं कुणाला वाईट वाटू नये. पाचवी बरोबरी मात्र फुलहॅमशी. २६ ऑगस्ट २०२३, आमच्याच मैदानावर. सीझनची तिसरी मॅच.

आठवतेय का कुणाला? पहिलं मिनिटही पूर्ण झालं नव्हतं आणि आम्ही गोल खाल्ला. मग सगळी मॅच डोकं आपटत राहिलो. शेवटी साकाची पेनल्टी, पाठोपाठ एन्केटियाचा गोल, २-१. त्यांच्या बॅसीला रेड कार्ड मिळालं, ते दहा जणांवर आले. ८७ व्या मिनिटाला त्यांना कॉर्नर मिळाला. पालिन्या मोकळा सुटला. २-२.

आता हिशेब बघा. तो कॉर्नर कुणीतरी नुसता डोक्याने बाहेर काढला असता, तर आमचे पॉइंट होतात ९१. खाल्लेले गोल २८. गोल डिफरन्स अधिक ६३. सिटी ९१ आणि अधिक ६२. एका गोलाने आम्ही चॅम्पियन.

ही बेरीज मी तीनदा केली. तिसऱ्यांदा कागदावर केली.

मला माहीत आहे, हे सगळं जर-तर आहे. आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं. एक निकाल बदलला तर पुढचे पस्तीस तसेच राहिले असते असं थोडंच आहे? आणि जर-तरच करायचं तर दुसऱ्या मॅचही आहेत. अॅस्टन व्हिलाने आम्हाला दोन्ही वेळा हरवलं, त्यात १४ एप्रिलचा घरच्या मैदानावरचा ०-२ सगळ्यांच्या तोंडी आहे. डिसेंबरच्या शेवटच्या चार दिवसांत आधी वेस्ट हॅम आणि मग पुन्हा फुलहॅम, दोन्हीकडे हरलो. एकट्या फुलहॅमने आमचे पाच पॉइंट नेले. मग मी ऑगस्टच्या त्या एका कॉर्नरलाच का धरून बसलोय?

कारण त्या दिवशी मला काहीच वाटलं नव्हतं.

एप्रिलमध्ये व्हिलाविरुद्ध हरलो तेव्हा मला नीट झोप लागली नाही, दोन दिवस कुणाशी धड बोललो नाही. फुलहॅमच्या वेळी शिट्टी वाजली, मी स्क्रीन बंद केली आणि मित्राला मेसेज टाकला, “जाऊ दे, अजून ३५ मॅच आहेत.” तो मेसेज मी परवा शोधून काढला. जसाच्या तसा आहे. ऑगस्टमधले पॉइंट हलके असतात असं मी मनात कुठेतरी धरून चाललो होतो. कपात तसं नसतं, तिथे हरलात की बाहेर, प्रत्येक मॅच अंगावर येते. लीगला फायनलच नसते. आपण मे महिन्यातल्या एखाद्या मॅचला उगाच फायनल म्हणतो. प्रत्येकाशी घरी एकदा, बाहेर एकदा, आणि दर वेळी तेवढेच तीन पॉइंट. १९८९ साली अॅनफिल्डवर शेवटच्या मॅचच्या शेवटच्या मिनिटाला मायकेल थॉमसने गोल केला आणि आर्सेनल चॅम्पियन झालं, ते आम्हा सगळ्यांना पाठ आहे. त्या वर्षी लिव्हरपूल आणि आर्सेनलचे पॉइंट सारखे होते, ७६-७६. गोल डिफरन्सही सारखा, अधिक ३७. आर्सेनलने एकूण गोल जास्त केले होते, ७३ विरुद्ध ६५, म्हणून ट्रॉफी आली. थॉमसचा तो गोल ७३ पैकी एक होता. उरलेले ७२ कुणी केले, कधी केले, कोणत्या पावसात केले, हे मला अजिबात माहीत नाही, आणि त्याची आता खंत वाटते.

मागच्या वर्षीचं दुःख वेगळं होतं. २०२२-२३ मध्ये आम्ही २४८ दिवस टेबलवर पहिले होतो आणि तरीही हरलो. एप्रिलमध्ये ओळीने तीन बरोबऱ्या, मग सिटीकडून १-४. डोळ्यांदेखत घर ढासळत होतं. या वर्षी काहीच ढासळलं नाही. नवीन वर्ष सुरू झाल्यापासून १८ मॅच, १६ विजय, एक बरोबरी, एक पराभव. सालिबा सगळ्या ३८ मॅचचं मिनिट न् मिनिट खेळला. आमचा गोलकीपर राया १६ मॅचमध्ये एकही गोल न खाता गोलकीपरचा गोल्डन ग्लोव्ह पुरस्कार घेऊन गेला. साका, ओडेगार्ड, राइस, गॅब्रिएल, कुणाकडे बोट दाखवू? म्हणूनच जे “पुन्हा फाटली” म्हणून हसताहेत त्यांना माझं सांगणं आहे, जरा टेबल उघडून बघा.

आणि सिटीला त्यांचं श्रेय मी मनापासून देतो. डिसेंबरच्या सुरुवातीला ते व्हिलाकडून हरले, त्यानंतर लीगमध्ये एकदाही हरले नाहीत. आमच्याशी ०-० झाल्यावर उरलेल्या नऊच्या नऊ मॅच जिंकल्या, ३३ गोल ठोकले. इंग्लंडच्या टॉप डिव्हिजनमध्ये सलग चार टायटल याआधी कुणीही जिंकली नव्हती. अशा टीमच्या मागे धावताना एक कॉर्नरसुद्धा माफ होत नाही.

हे सगळं मांडत असताना मला ल्युटन आठवलं, आणि तिथे माझा राग निवला.

ल्युटन टाउन या वर्षी प्रीमियर लीगमधून खालच्या डिव्हिजनमध्ये गेलं. दहा वर्षांपूर्वी हा क्लब पाचव्या डिव्हिजनमध्ये होता. तिथून एकेक पायरी चढत प्रीमियर लीगपर्यंत आला. त्यांच्या स्टेडियमचा एक दरवाजा चक्क राहत्या घरांच्या रांगेतून आत जातो. डिसेंबरमध्ये बोर्नमथविरुद्ध त्यांचा कॅप्टन टॉम लॉकियर मैदानातच कोसळला, हृदय बंद पडलं होतं. तो वाचला. मॅच थांबवली, मार्चमध्ये पुन्हा खेळवली. ल्युटनने हाफ टाइमपर्यंत ३-० अशी आघाडी घेतली आणि ४-३ ने हरले. लिव्हरपूलला त्यांनी ९५ व्या मिनिटापर्यंत १-० वर धरून ठेवलं होतं, तिथे बरोबरी झाली.

आणि ५ डिसेंबर. ल्युटन विरुद्ध आम्ही. ३-३. ९७ वं मिनिट. राइसचं हेडर. ४-३!

त्या गोलाला मी केवढ्याने ओरडलो होतो! या सीझनमधला माझा सगळ्यात आवडता क्षण कोणता असं कुणी विचारलं असतं तर मी न थांबता तोच सांगितला असता. परवा पुन्हा बघितला. या वेळी राइसकडे नाही, आमच्या खेळाडूंच्या पलीकडे ल्युटनच्या खेळाडूंकडे बघत होतो. काही जण तिथेच खाली बसले. सात मिनिटं जास्तीची खेळून, तीन गोल करून, हातात शून्य. पालिन्याने आमचं जे केलं तेच आम्ही त्यांचं केलं होतं, आणि मी नाचत होतो. ल्युटन २६ पॉइंटवर संपलं, त्यांच्या लगेच वर राहून वाचलेलं फॉरेस्ट ३२ वर. म्हणजे आमच्याकडचा तो एक पॉइंट मिळाला असता तरी ते वाचले नसते. पण बोर्नमथचे तीन, लिव्हरपूलचे दोन, आमचा एक. करा बेरीज. सहा होतात. फरक सहाचाच होता. तिथलाही एखादा फॅन कागद-पेन घेऊन बसला असेल, आणि त्याच्या कागदावर राइसचं नाव असेल.

जर्मनीत एप्रिलमध्येच लीग जिंकलेल्या लेव्हरकुसेनने याच आठवड्यात एकही मॅच न हरता लीगचा सीझन संपवला, २८ विजय, ६ बरोबऱ्या. हा तोच क्लब, जो २००० साली शेवटच्या दिवशी नुसती बरोबरी पुरेशी असताना उंटरहाखिंगकडून ०-२ हरला आणि बायर्नला टायटल देऊन बसला. कायम दुसरे येतात म्हणून लोकांनी त्यांचं नावच पाडलं होतं. २४ वर्षं लागली त्यांना. मी त्यांचा फॅन नाही, पण शेवटची शिट्टी वाजली तेव्हा डोळे भरून आले. त्यातलं त्यांच्यासाठी किती आणि माझ्यासाठी किती, कोण जाणे.

आता जूनमध्ये नव्या सीझनचं वेळापत्रक येईल. दर वर्षी मी आधी सिटी, लिव्हरपूल, टॉटनहॅमच्या तारखा शोधतो आणि मधल्या आठवड्यांवरून नजर तशीच पुढे सरकवतो. या वेळी फुलहॅमची तारीख आधी बघणार आहे. दोन्ही वेळची.

तुमचा क्लब कोणताही असो, वर असो की खाली, या सीझनमधला तुमचा तो कॉर्नर कोणता होता ते कमेंटमध्ये लिहा. ज्या दिवशी काहीच वाटलं नव्हतं, अशी मॅच हवी. आणि ल्युटनचा कुणी मराठी फॅन असेल तर त्याने नक्की लिहावं. मला ५ डिसेंबरबद्दल त्याच्याशी बोलायचं आहे.