तळ्यात रॉकेल ओतण्याच्या सल्ल्याला उत्तर

फोंड्याला राहणाऱ्या माझ्या मावशीने परसातल्या चिऱ्यांच्या तळ्यात ओतण्यासाठी परवा रॉकेल मागवले, तेव्हा व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या त्या संदेशाला उत्तर देणे भागच पडले. बागेतल्या तळ्यामुळे डेंग्यू पसरतो म्हणून दर आठवड्याला त्यात पाव लिटर रॉकेल ओतावे, बेडकांमागून विषारी साप येतात आणि बेडकाला हात लागला की चामखीळ उठते, असे तो संदेश सांगतो.

चामखीळ विषाणूमुळे होते. तो मुद्दा तेवढ्यावरच सोडतो.

रॉकेलाच्या तवंगाने डासांच्या अळ्या गुदमरतात, हे नाइलाजाने मान्य करतो. परंतु त्याच अळ्यांवर जगणारे आणि श्वासासाठी पाण्याच्या पृष्ठभागावर येणारे पाणकिडेही त्या तवंगाखाली मरतात. तवंग विरला की डासांची नवी पिढी सात ते दहा दिवसांत तयार होते, तर डासांच्या अळ्या खाणाऱ्या चतुराच्या अळीला पाण्यात कित्येक आठवडे, कधी महिने काढावे लागतात. म्हणजे या उपायाने डास परततात आणि त्यांना खाणारे संपतात. शिवाय तळ्याचे चिरे ज्याचे आहेत तो जांभा दगड सच्छिद्र असतो, आणि मावशीची पिण्याच्या पाण्याची विहीर त्या तळ्यापासून दहा पावलांवर आहे!

डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास मुख्यतः घराभोवतीच्या पाणी साठलेल्या भांड्यांत वाढतो, आणि ती दर आठवड्याला रिकामी करून घासावीत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आम्ही तळ्यावर वाकून अर्धा तास पाहिले. कमळाच्या देठाला चतुराची रिकामी कात चिकटली होती आणि खाली एक अळी आपला दुमडलेला ओठ झटक्यात पुढे फेकून भक्ष्य पकडत होती. डासांच्या अळ्या वळवळत होत्या त्या तुळशीवृंदावनामागच्या करवंटीत आणि कुंडीखालच्या ताटलीत. नव्याने बांधलेल्या, अजून काहीच न रुजलेल्या सिमेंटच्या टाकीत डास होऊ शकतात, हे खरे. तिथे स्थानिक लहान मासे सोडावेत. गंबुसिया हा परदेशी मासा मात्र नको, कारण तो बेडकांची पिल्लेही खातो.

बेडकांमागून साप येतो, हेही खरे. पण तळ्याकाठी येणारा साप बहुधा दिवड असतो. तो चिडका आहे, पकडू गेल्यास कडकडून चावतो, तरी बिनविषारी आहे. साप ओळखता येत नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये, एवढे पुरे.

रॉकेलाचा कॅन मावशीने परत पाठवला आणि करवंट्या त्याच संध्याकाळी उचलल्या.